विश्लेषण : फ्लूच्या लशीचे बिल... पैसे नेमके कशाचे आणि किती?

पावसाळा तोंडावर आला, की साताऱ्याच्या पोवई नाक्यावर काय किंवा सांगलीच्या विश्रामबागेत काय, दवाखान्यांमध्ये सर्दी-खोकल्याची गर्दी वाढते. त्या गर्दीत दोन-चार जण आजारी नसतात. ते फ्लूची लस घ्यायला आलेले असतात. लस टोचायला अर्धा मिनिट लागत नाही. पण बाहेर पैसे देताना गोंधळ होतो. एका दवाखान्यात दीड हजार, दुसऱ्यात दोन हजारांच्या पुढे. एकीकडे छापील पावती, दुसरीकडे केसपेपरच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलेला आकडा. हा फरक कशामुळे पडतो, बिलात काय असायला हवे आणि ते नसेल तर रुग्णाचे काय अडते, याविषयी...

फ्लूच्या लशीला पैसे का पडतात?

गोवर, पोलिओ, धनुर्वात या लशी राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आहेत, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात. फ्लूची, म्हणजे इन्फ्लुएंझाची लस या कार्यक्रमात नाही. ती खासगी बाजारातून येते आणि तिची किंमत ब्रँडनुसार बदलते. सध्या एका डोसची छापील किंमत साधारण हजार ते दोन हजार रुपयांच्या पल्ल्यात असते. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही ही लस नसल्याने सरकार तिला कमाल किंमत ठरवून देत नाही. अशा औषधांवर एकच बंधन असते, ते म्हणजे कंपनीला छापील किंमत वर्षभरात दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही.

त्यातून ही लस दरवर्षी घ्यावी लागते. विषाणू रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतील घटक ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीच्या अखेरीस दिसतो. त्यामुळे लस पावसाआधी घ्यावी, असा सल्ला दिला जातो. टोचल्यानंतर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. घरात चार माणसे असतील, तर दरवर्षीचा हा खर्च सहा-सात हजारांवर जातो. तासगावच्या द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबाला तो परवडणारा नाही, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

मग मोफत कोणाला मिळते?

ही गोष्ट फारच थोड्या लोकांना माहीत असते. ऑगस्ट २००९मध्ये देशातील स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला आणि त्यानंतरची काही वर्षे पश्चिम महाराष्ट्राने या आजाराची धास्ती चांगलीच अनुभवली. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस बाजारात आणली. २०१५मध्ये पुन्हा मोठी साथ आली, तेव्हा राज्य सरकारने जोखमीच्या गटांना ही लस मोफत देण्याचा निर्णय घेतला. चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवती, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी हे ते गट. लस ऐच्छिक आहे, मागावी लागते. हज यात्रेला जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनाही निघण्यापूर्वी सरकारी केंद्रावर ती दिली जाते.

साताऱ्यातील क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय किंवा सांगलीतील पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय यांसारख्या ठिकाणी जाण्यापूर्वी साठा आहे का, याची चौकशी करावी. सरकारी पुरवठ्याचा वार आणि आपला मोकळा वार नेहमीच जुळतात असे नाही. तरीही ज्यांना आधीच साखरेची किंवा 'बीपी'ची गोळी चालू आहे, त्यांनी दोन हजार रुपये काढण्याआधी हा एक फोन जरूर करावा. खासगी दवाखान्यात ही माहिती आपणहून क्वचितच दिली जाते.

एका डोसचा हिशेब कसा होतो?

खासगी दवाखान्यात फ्लूच्या लशीचे पैसे तीन भागांचे असतात. पहिला भाग लशीचा. ती डॉक्टरांना वितरकाकडून छापील किमतीपेक्षा कमी दराने मिळते. दुसरा तपासणीचा. ताप आहे का, आधी कोणत्या लशीची किंवा औषधाची ॲलर्जी आली होती का, गरोदरपण, चालू औषधे हे सगळे विचारूनच सुई टोचायची असते. तिसरा भाग टोचण्याचा, त्यात सिस्टरचा वेळ, कापूस, सुईची विल्हेवाट आणि टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवणे हे आले.

समजा, लशीची छापील किंमत १,८०० रुपये आहे, तपासणी फी २०० आणि टोचण्याचे १००. एकूण २,१०० रुपये झाले. यात गैर काही नाही. पण पावतीवर फक्त 'इंजेक्शन – २,१००' असे लिहिले, तर रुग्णाला वाटते, की १,८००ची वस्तू आपल्याला २,१००ला विकली. इथूनच वाद सुरू होतो. लस छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही. सेवेचे पैसे वेगळे घेता येतात, पण ते वेगळे दिसले पाहिजेत. तीन ओळी लिहिल्या, की भांडणाचा मुद्दाच राहत नाही.

याउलट काही दवाखाने छापील किमतीतच सगळे बसवतात आणि तपासणीचे वेगळे पैसे घेत नाहीत. खरेदी किंमत आणि छापील किंमत यांतील फरकातून त्यांची फी निघते. रुग्णाला हे स्वस्त वाटते. पण त्या फरकातून फी किती निघाली, हे त्याला कधीच कळत नाही. ज्या ब्रँडमध्ये हा फरक जास्त, तोच ब्रँड फ्रीजमध्ये ठेवण्याचा मोह होऊ शकतो. फी वेगळी लिहिणारा डॉक्टर त्या अर्थाने अधिक उघड व्यवहार करत असतो, भले त्याचे बिल शंभर-दोनशेने मोठे का असेना.

डॉक्टरांच्या बाजूनेही हा धंदा फार सोपा नाही. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच राहावी लागते आणि गोठली तर वाया जाते. तालुक्याच्या गावी वीज गेली, की इन्व्हर्टर हवा. वीस डोस आणून बारा खपले, तर उरलेले आठ हंगामानंतर तसेच पडून राहतात, कारण पुढच्या वर्षी घटक बदललेली लस येते. अनेक लहान दवाखाने यामुळे लस ठेवतच नाहीत. ते चिठ्ठी देतात आणि रुग्ण मेडिकलमधून बर्फाच्या पिशवीत लस आणतो. मग लशीचे बिल मेडिकलचे आणि टोचण्याचे डॉक्टरांचे, अशा दोन पावत्या होतात. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत स्वच्छ आहे. मात्र वाटेत लस तापली का, याची जबाबदारी कोणाची, हे कोणत्याच पावतीवर नसते. उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत ठेवून आणलेली लस टोचण्यापेक्षा फ्रीज असलेला दवाखाना शोधावा.

डॉक्टरने लस विकावी का?

औषध नियमांच्या 'अनुसूची के'नुसार नोंदणीकृत डॉक्टर आपल्या स्वतःच्या रुग्णाला औषध देऊ शकतो. त्यासाठी दुकानाचा परवाना लागत नाही. अट एवढीच, की त्याने खुले दुकान मांडू नये आणि काउंटरवरून कोणालाही विक्री करू नये. रुग्णाची पिळवणूक होत नसेल, तर स्वतः औषध देणे हा नीतिभंग नाही, असे वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२च्या आचारसंहितेतही म्हटले आहे. त्याच संहितेने दोन गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. फी आणि इतर शुल्काचा फलक दवाखान्यात लावायचा आणि औषध स्वतः दिले असेल तर तसे चिठ्ठीवर स्पष्ट लिहायचे. फलकाचा नियम किती दवाखान्यांत पाळला जातो, हे वाचकांना आपल्या अनुभवावरून ठाऊक असेलच.

रुग्णालयांसाठी राज्यात वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१मध्ये दुरुस्ती झाली आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. पण ते खाटा असलेल्या शुश्रूषागृहांना लागू आहे. बाह्यरुग्ण तपासणीचा एका खोलीचा दवाखाना त्यात येत नाही आणि केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. फ्लूची बहुतेक लस टोचली जाते ती नेमकी अशाच एका खोलीच्या दवाखान्यात.

पावती मागितली तर?

ती द्यावी लागते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या शांता खटल्यात स्पष्ट केले. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर बिल किंवा पावती न देणे याला अनुचित व्यापारी प्रथांमध्ये घातले. आयकराच्या बाजूनेही हीच अपेक्षा आहे. १९६२च्या आयकर नियमांनी डॉक्टरांसाठी रोजची रुग्णनोंद ठेवण्याचा एक नमुनाच आखून दिला. तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, तपासणी की इंजेक्शन की भेट, मिळालेली फी, असे त्याचे रकाने आहेत. पावत्यांच्या स्थळप्रती जपायच्या आणि वर्षाच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी दवाखान्यात किती औषधे शिल्लक होती, त्याचीही यादी ठेवायची. पंचवीस रुपयांपर्यंतच्या पावत्यांना त्यात सूट आहे. पंचवीस रुपयांत आज सुईदेखील टोचून मिळत नाही, हा भाग वेगळा.

जीएसटीबद्दलही गैरसमज आहे. डॉक्टरांची आरोग्यसेवा जीएसटीमुक्त आहे आणि लशीच्या छापील किमतीत सगळे कर आधीच धरलेले असतात. त्यामुळे छापील किमतीवर 'अधिक जीएसटी' अशी ओळ दिसली, तर ती काय आहे, हे विचारायलाच हवे.

बिलात काय असावे? दवाखान्याचे नाव, पत्ता आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, पावतीचा क्रमांक व तारीख, रुग्णाचे नाव हे तर हवेच. लशीच्या ओळीत ब्रँडचे नाव, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि छापील किंमत हवी. बॅच क्रमांक हा या सगळ्यांत सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक कामाचा. लस घेतल्यावर एखाद्याला तीव्र त्रास झाला किंवा एखादी बॅच सदोष निघाली, तर आपल्याला टोचलेली लस कोणती होती, हे शोधायचा तो एकमेव धागा असतो. 'फ्लू इंजेक्शन' या दोन शब्दांवरून काहीही शोधता येत नाही. ते लिहायला कंटाळा येत असेल, तर वेष्टनावरील त्या भागाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तरी चालेल. टोचण्याआधी सिरिंजचे खोके दाखवा म्हणणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे.

विमा या लशीचे पैसे देतो का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडचा आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी असतो. लसीकरण हा अनेक पॉलिसींमध्ये स्पष्ट शब्दांत वगळलेला खर्च आहे. कुत्रा चावल्यानंतरच्या लशीचा अपवाद तेवढा केलेला असतो. बाह्यरुग्ण खर्चाचे वेगळे कलम घेतले असेल, तरच आशा. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही ठरावीक उपचार व शस्त्रक्रियांसाठी आहे, दवाखान्यातील लशीसाठी नाही. काही कंपन्या कर्मचाऱ्यांना लशीचा खर्च परत देतात. तिथे पावती लागते आणि तीत लशीची रक्कम वेगळी दिसावी लागते. मघाची 'इंजेक्शन – २,१००' ही पावती नेमकी इथे परत येते.

आयकरात जुन्या करप्रणालीत ८०डी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांचा वैद्यकीय खर्च ५० हजारांपर्यंत दाखवता येतो. पण तो रोखीने केलेला चालत नाही. आई-वडिलांच्या लशीचे पैसे मुलाने दिले असतील, तर ते यूपीआयने द्यावेत, पावती आई-वडिलांच्या नावाने घ्यावी आणि बाकीचे करसल्लागाराला विचारावे.

एका अक्षराने निरोगी माणूस आजारी कसा ठरतो?

रोग आणि भेटीची कारणे यांना जागतिक आरोग्य संघटनेने संकेतांक दिले आहेत. आयसीडी-१० या वर्गीकरणात फ्लूचा विषाणू तपासणीत सापडलेल्या रुग्णाला 'जे १०', न सापडलेल्याला 'जे ११' लिहितात. फ्लूची लस घ्यायला आलेल्या माणसासाठी वेगळा संकेतांक आहे, 'झेड २५.१'. 'जे' म्हणजे श्वसनाचे आजार. 'झेड' म्हणजे आजार नसताना आरोग्यसेवेशी आलेला संबंध.

गावातला दवाखाना असे संकेतांक लिहीत नाही आणि लिहायची सक्तीही नाही. पण संगणकावर नोंद ठेवणारी पॉलिक्लिनिके आता कऱ्हाड-मिरजेतही आहेत. तिथे निदानाच्या चौकटीत काहीतरी भरल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. घाईत 'फ्लू' टाइप केले, की यादीतला पहिला पर्याय निवडला जातो आणि धडधाकट माणूस फ्लूचा रुग्ण म्हणून नोंदला जातो. दम्याच्या किंवा हृदयरोगाच्या माणसाने लस घेतली आणि नोंद श्वसनविकाराची झाली, तर पुढे विम्याचा दावा तपासताना हा जुना कागद कोणी बाहेर काढणारच नाही, याची खात्री नाही. रुग्णालयाने विमा कंपनीला द्यायच्या दावापत्रात आयसीडी संकेतांकाचा रकाना असतोच. म्हणून पावतीवर 'निदान' या शब्दापुढे 'प्रतिबंधक लसीकरण' एवढे तरी स्वच्छ लिहिलेले असावे.

अमेरिकेतले बिल आणि इथली मुले

हेच काम अमेरिकेत स्वतंत्र पेशा आहे. तिथे डॉक्टर रुग्णाकडून पैसे घेत नाही, विमा कंपनीकडून मागतो; आणि मागणी शब्दांत नव्हे, आकड्यांत करावी लागते. पुण्यातील वैद्यकीय कोडिंगच्या कार्यालयांत सातारा-सांगलीकडचे बीएस्सी, बी.फार्म झालेले अनेक तरुण हेच काम करतात. त्यांना फ्लूची लस म्हणजे तीन प्रश्न. लस कोणती? टोचली कोणी आणि कोणाला? कशासाठी?

लशीचा कोड तिच्या प्रकारावर ठरतो. साधी, तीन घटकांची, परिरक्षक नसलेली अर्ध्या मिलिलिटरची लस असेल तर ९०६५६, ज्येष्ठांसाठीची जास्त मात्रेची असेल तर ९०६६२. टोचण्याचा कोड सर्वसाधारणपणे ९०४७१. पण रुग्ण मेडिकेअर या सरकारी विम्याचा असेल, तर तोच हात, तीच सुई आणि कोड मात्र जी ०००८. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला डॉक्टरांनी समजावून सांगून लस दिली, तर पुन्हा वेगळा, ९०४६०. निदानासाठी अमेरिकेने आपली आयसीडीची आवृत्ती सुधारून घेतली आहे. तिथे सगळ्या लसीकरणांना एकच 'झेड २३'. आणि त्याच भेटीत डॉक्टरांनी गुडघेदुखीही तपासली असेल, तर तपासणीच्या कोडला '२५' ही पुस्ती जोडावी लागते, नाहीतर विमा कंपनी तपासणीचे पैसे लशीत धरून नाकारू शकते.

यातला एक आकडा चुकला तर दावा परत येतो. अमेरिकेत चार घटकांच्या लशी जाऊन २०२४-२५च्या हंगामापासून पुन्हा तीन घटकांच्या लशी आल्या. फ्लू-बीचा यामागाता हा प्रकार मार्च २०२०नंतर जगात आढळलाच नाही, हे त्याचे कारण. विषाणूचा एक वंश दिसेनासा झाला आणि दूर पुण्यात रात्रपाळीला बसलेल्या विट्याच्या किंवा कोरेगावच्या मुलाला ९०६८६ सोडून ९०६५६ लिहायची सवय लावून घ्यावी लागली.

अमेरिकेची ही पद्धत इथे आणावी, असे कोणी म्हणत असेल तर ते महागात पडेल. पाच अंकी कोड सांभाळायला तिथे डॉक्टरपेक्षा कागदांवर जास्त माणसे लागतात. मात्र लस, टोचणे आणि कारण या तीन गोष्टी वेगळ्या लिहायच्या, एवढे त्यातले घेण्यासारखे आहे आणि त्यासाठी ना संगणक लागतो, ना कोड.

मुलांचा दुसरा डोस आणि तारखेचा घोळ

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दरवर्षी फ्लूची लस द्यावी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदा ही लस घेत असेल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. ही गोष्ट पहिल्या डोसच्या वेळीच किमतीसह सांगितली जायला हवी. आचारसंहितेलाही फी आधी सांगणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात पालकांना दुसऱ्या डोसचे चार आठवड्यांनी कळते आणि 'आता परत दोन हजार?' म्हणून तो राहून जातो. पहिल्याच वर्षी एकच डोस मिळालेल्या बाळाचे संरक्षण अपुरे राहते. पहिल्या पावतीवर दुसऱ्या डोसची तारीख आणि अंदाजे रक्कम लिहिली, तर घरखर्चात ती आधीच धरता येते.

बिल हा लसीकरणाचा दाखला नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. सरकारच्या माता-बाल संरक्षण कार्डावर फ्लूचा रकाना नाही. बालरोगतज्ज्ञ आपल्या कार्डावर नोंद करतात, ते कार्ड जपावे. परदेशी जाणाऱ्या कुटुंबांना त्याची गरज पडते. न्यू जर्सीत मराठी माणसे मोठ्या संख्येने आहेत आणि तिथे सहा महिने ते पाच वर्षांखालील मुलाला पाळणाघर किंवा बालवाडीत ठेवायचे तर दरवर्षी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरच्या दरम्यान फ्लूची लस घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. सांगलीहून मेमध्ये लस घेऊन गेलेल्या बाळाला तो डोस या नियमात उपयोगी पडत नाही. ऑक्टोबरमध्ये घेऊन गेले, तर कार्डावर तारीख कशी लिहिली आहे ते पाहावे. आपण '०५/१०' म्हणजे पाच ऑक्टोबर लिहितो, अमेरिकेतली परिचारिका ते दहा मे वाचते. महिना अक्षरांत लिहून, डॉक्टरांची सही-शिक्का घेऊन ठेवलेले कार्ड तिथे दुसऱ्या सुईपासून मुलाला वाचवते.